ओटीपी माझ्याच फोनवर येतो: कृपादान, कारभारी आणि आपण

(आमच्या नव्या एपिसोडचा हा लेखी मजकूर. बोलताना जसं आलं तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त माझे 'अं… म्हणजे…' काढून टाकलेत.)



आजचा विषय तुम्ही चर्चमध्ये शंभरदा ऐकला असेल. 'देवाने दिलेली दानं इतरांच्या सेवेसाठी वापरा.' शब्बाथ शाळेत ऐकलंय, तरुण संघाच्या कॅम्पमध्ये ऐकलंय, पाळकसाहेबांनी वर्षातून दोनदा तरी सांगितलंय. मीही ऐकायचो, मान डोलवायचो आणि मनात म्हणायचो, 'हे माझ्यासाठी नाही. मी तर ऑलरेडी सेवा करतोय.'

या मनातल्या वाक्याने माझी कशी वाट लावली, ते आधी सांगतो. मग बायबलकडे जाऊ.

आमच्या चर्चमध्ये साउंड, गीतांच्या स्लाइड आणि लाइव्हस्ट्रीम हे सगळं मी बघायचो. एक-दोन महिने नाही, चांगली चार वर्षं. दर रविवारी सगळ्यांच्या आधी पाऊण तास मी हजर. कोणती वायर कुठे जाते, कोणता माइक खरखरतो, मिक्सरचं कोणतं बटण हलवायचं नाही, हे फक्त मला माहीत. चॅनेलचा पासवर्ड माझ्याकडे. लॉगिन केलं की ओटीपी यायचा, तोही माझ्याच फोनवर.

तरुण संघातला एक मुलगा दोनदा मागे लागला होता. 'दादा, मला शिकव ना, मी बसतो तुझ्या बाजूला.' मी म्हणालो, 'बघू रे, आत्ता गडबड आहे. सणाचे दिवस जाऊ देत.' सण गेले, पुढचे सण आले. मी काही शिकवलं नाही.

मग एके दिवशी आमच्या चर्चमधले एक काका गेले. त्यांचा मुलगा मस्कतला नोकरीला. त्याला वेळेत तिकीट मिळेना. घरच्यांनी एकच गोष्ट मागितली: दफनविधीची उपासना लाइव्ह दाखवा, म्हणजे त्याला वडिलांचा निरोप तरी घेता येईल.

त्या दुपारी मी कंपनीच्या कामासाठी दिल्लीच्या विमानात होतो. फोन बंद.

खाली चर्चमध्ये लोक लॉगिन करायचा प्रयत्न करत होते. ओटीपी जात होता माझ्या बंद फोनवर. शेवटी कुणीतरी मोबाइलवरून व्हिडिओ कॉल लावला. रेंज येत-जात होती, आवाज तुटत होता. त्या मुलाला बराच वेळ दिसला तो छताचा पंखा आणि लोकांच्या पाठी. मी दिल्लीत उतरलो, फोन चालू केला, तर सतरा मिस्ड कॉल.

नंतर तो मुलगा फोनवर माझ्याशी अगदी चांगला बोलला. 'अरे, तुझी काय चूक? तू प्रवासात होतास.' पण मला माहीत होतं चूक कुठे होती. प्रवासात असणं ही चूक नव्हती. चार वर्षं मी 'सेवा' म्हणून जे करत होतो, त्याचं हळूहळू संस्थान झालं होतं आणि मी त्याचा संस्थानिक. चूक ती होती.

'कृपादान' शब्दात काय आहे?

आता वचनाकडे येऊ. पेत्राचं पहिलं पत्र, चौथा अध्याय, दहावं वचन. तुम्ही आपल्या बायबलमध्ये काढून वाचाच. मी माझ्या शब्दांत सांगतो: प्रत्येकाला देवाकडून काही ना काही कृपादान मिळालेलं आहे, आणि ते एकमेकांच्या सेवेला लावायचं आहे, कारण आपण देवाच्या नानाविध कृपेचे कारभारी आहोत.

यातले तीन शब्द धरून ठेवा.

पहिला, कृपादान. मूळ ग्रीक शब्द 'खारिस्मा'. तो आलाय 'खारिस' वरून, म्हणजे कृपा. मराठी भाषांतरकारांनी किती नेमका शब्द दिलाय बघा! कृपेने मिळालेलं दान. पगार नव्हे, बक्षीस नव्हे, मेरिट लिस्ट नव्हे. आपण मेहनत करतो, रात्री जागून कोडिंग शिकतो, रियाझ करतो, सगळं खरं. पण शिकायची बुद्धी, शिकवणारी माणसं, फी भरणारे आई-बाप, ही यादी करत मागे गेलात तर कुठेतरी हात जोडून थांबावंच लागतं.

दुसरा, नानाविध. ग्रीकमध्ये 'पोइकिलोस', म्हणजे रंगीबेरंगी. जुन्या कराराच्या जुन्या ग्रीक भाषांतरात योसेफाच्या त्या प्रसिद्ध अंगरख्यासाठी हाच शब्द आहे. म्हणजे दान म्हटलं की गाणं आणि प्रवचन एवढंच नाही. रोमकरांस पत्राच्या बाराव्या अध्यायात पौल जी यादी देतो, तिच्यात संदेश देणं आहे, शिकवणं आहे, तसंच सेवा करणं, धीर देणं, दानधर्म करणं आणि हसतमुखाने दया करणं हेही आहे. हॉस्पिटलमध्ये पेशंटजवळ रात्रभर बसून सकाळी चिडचिड न करणारी मावशी तुमच्या चर्चमध्ये असेलच. पौलाच्या यादीत ती आहे. स्टेजवर माइक असणं ही अट नाही.

प्रेषितांच्या कृत्यांच्या नवव्या अध्यायात यापो गावची टबीथा आहे, तिलाच दुर्कस म्हणतात. ती वारते, तेव्हा विधवा बायका रडत रडत पेत्राला तिने शिवलेले कपडे दाखवतात. तिचं एकही भाषण कुठे लिहिलेलं नाही. सुई-दोरा होता, तो तिने गरजू बायकांसाठी चालवला. 'मला काहीच येत नाही' असं ज्यांना वाटतं, त्यांनी हा प्रसंग आज रात्री वाचा.

तिसरा शब्द, आणि मला बसलेली चपराक: कारभारी.

मालक नाही, कारभारी

आपल्याकडे गावात बाई नवऱ्याला 'कारभारी' म्हणते, ते सोडा. जुना अर्थ घ्या. वाड्याचा कारभारी. किल्ल्या त्याच्या कमरेला, हिशेब त्याच्या वहीत, गडीमाणसं त्याचं ऐकतात. पण वाडा त्याचा नाही. धान्याचं कोठार उघडायचं की नाही हे तो स्वतःच्या लहरीवर ठरवू शकत नाही, कारण धान्य मालकाचं आणि मालकाने सांगितलंय की वाटा.

आजच्या भाषेत सांगू? तुम्ही ग्रुपचे ॲडमिन आहात, ओनर नाही.

माझ्या डोक्यात नेमकी हीच गल्लत झाली होती. सेवा करता करता किल्ल्या हातात आल्या आणि किल्ल्या हातात आहेत म्हणून वाडाच माझा वाटायला लागला. कुणी मिक्सरला हात लावला तर मला राग यायचा. देवाच्या घरातल्या मिक्सरला!

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातला दाखला तर सगळ्यांना पाठ आहे. मालक परदेशी जातो, तीन दासांकडे पैसे सोपवतो: एकाला पाच टॅलंट, एकाला दोन, एकाला एक. 'टॅलंट' हे तेव्हा मोठ्या रकमेचं माप होतं. एक टॅलंट म्हणजे साधारण ६००० दिनार, आणि एक दिनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. म्हणजे ज्याला 'फक्त एक' मिळाला, त्यालाही जवळजवळ वीस वर्षांची कमाई मिळाली होती. इंग्रजीतला 'टॅलंट' म्हणजे अंगचं कौशल्य, हा अर्थसुद्धा याच दाखल्यातून आलाय.

दोन गोष्टी बघा. पाचवाला आणि दोनवाला, दोघांनाही मालक अगदी सारख्या शब्दांत शाबासकी देतो. तुलना नाही, रँकिंग नाही. आणि तिसरा? आपण त्याला आळशी म्हणून मोकळे होतो. मालकही त्याला आळशी म्हणतो. पण तो स्वतः काय कारण देतो ते वाचा. तो म्हणतो, मला भीती वाटली, म्हणून मी पैसे जमिनीत पुरले.

भीती. मी हे वाचून बराच वेळ गप्प बसलो. मी तर आळशी नव्हतो, दर रविवारी राबत होतो. पण त्या मुलाला शिकवलं नाही, ते कशामुळे? गडबड हे कारण नव्हतंच. त्याने माझ्यापेक्षा चांगलं केलं तर? मग माझी गरज काय? असं मला वाटत होतं. म्हणजे दररोज घाम गाळूनसुद्धा दान पुरून ठेवता येतं. खड्डा खणायलाही मेहनत लागतेच की!

शिकवणं हेही दानातच आलं

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात 'बस फॅक्टर' नावाचा एक विनोदी पण भयानक हिशेब असतो. टीममधल्या किती जणांना उद्या बसने उडवलं तर प्रोजेक्ट बंद पडेल? उत्तर 'एक' असेल, तर ती टीम धोक्यात आहे. ऑफिसमध्ये मी यावर लेक्चर द्यायचो. चर्चमध्ये मीच तो 'एक' होतो.

बायबलमध्ये याचं उत्तर फार आधी दिलेलं आहे. निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडप उभारायची वेळ येते, तेव्हा देव यहूदा वंशातल्या बसालेल नावाच्या माणसाला नाव घेऊन निवडतो आणि आपल्या आत्म्याने भरतो. कशासाठी? सोनं, चांदी, पितळ, दगड आणि लाकूड यांचं काम करण्यासाठी. हा माणूस संदेष्टा नाही, राजा नाही, कारागीर आहे. वेल्डिंग करणाऱ्या, ग्राफिक डिझाइन करणाऱ्या आणि केक बनवणाऱ्या माझ्या मित्रमैत्रिणींनो, हे लक्षात ठेवा.

पण पुढचं वचन आपण गाळतो. निर्गम ३५:३४. तिथे म्हटलंय की देवाने बसालेल आणि दान वंशातला अहलियाब या दोघांच्या मनात दुसऱ्यांना शिकवण्याचीही प्रेरणा घातली. म्हणजे कला आणि ती शिकवायची इच्छा, दोन्ही एकाच दानात बांधून दिलेली. कला ठेवून घेतली आणि शिकवणं टाळलं, तर आपण अर्धंच दान वापरतोय.

हे फक्त पुस्तकात नाही. आपल्याच महाराष्ट्रात दोन उदाहरणं अशी आहेत की वाचून लाज वाटते आणि उमेदही येते.

पहिलं, पंडिता रमाबाई. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी त्या काळात आपल्या पत्नीला संस्कृत शिकवलं, जेव्हा बाईने संस्कृत शिकणं समाजाला मान्य नव्हतं. त्या आईने मुलीला शिकवलं. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्याच मुलीला 'पंडिता' आणि 'सरस्वती' या पदव्या दिल्या. म्हणजे ही विद्या रमाबाईंपर्यंत पोचली, कारण आधीच्या दोघांनी ती स्वतःजवळ अडकवून ठेवली नाही. पुढे १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. १८८९ मध्ये मुंबईत त्यांनी विधवांसाठी शारदा सदन काढलं, ते नंतर पुण्याला हलवलं. मग १८९६-९७ चा दुष्काळ पडला आणि शेकडो मुली-बायकांना आसरा देत पुणे जिल्ह्यातल्या केडगावला मुक्ती सदन उभं राहिलं.

रमाबाई हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबलचं भाषांतर साध्या मराठीत केलं, कमी शिकलेल्या बाईलाही कळावं म्हणून. आता गंमत ऐका. ते छापलं कुणी? मुक्तीच्याच छापखान्यात, तिथल्याच बायका-मुलींनी. ज्यांना समाजाने टाकलं होतं, त्यांनी खिळे जुळवले, पानं छापली. रमाबाई १९२२ मध्ये वारल्या. त्यांचं बायबल १९२४ मध्ये छापून बाहेर आलं. त्या गेल्या तरी काम थांबलं नाही, कारण किल्ल्या आधीच अनेक हातांत दिलेल्या होत्या. शिवण, विणकाम, शेती, छपाई, दृष्टिहीन मुलींना ब्रेल, सगळं शिकवून झालं होतं.

दुसरं, जामखेड. डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे विद्यार्थी. अमेरिकेत पुढचं शिक्षण घेतलं. आरामात तिथे राहता आलं असतं. पण १९७० मध्ये ते आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या जामखेडला आले, दुष्काळी भागात. आता दोन डॉक्टर किती पेशंट तपासणार? म्हणून त्यांनी गावोगावच्या बायका निवडल्या. त्यातल्या कितीतरी जणींना लिहिता-वाचता येत नव्हतं, बऱ्याच दलित समाजातल्या होत्या. त्यांना सुरक्षित बाळंतपण, बाळाचं वजन, जुलाब झाल्यावर मीठ-साखरेचं पाणी, लसीकरण हे सगळं शिकवलं. 'डॉक्टरकी' नावाची बंद पेटी उघडून त्यातलं जेवढं देता येईल तेवढं गावात वाटून टाकलं. १९७९ मध्ये या दाम्पत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज दोघंही हयात नाहीत, पण त्या बायकांनी जे शिकून घेतलं ते गावातच राहिलं.

आपण डॉक्टर असतो तर काय केलं असतं? 'हे फक्त मलाच कळतं' असा बोर्ड लावून बसलो असतो. निदान मी तरी.

मग सगळ्याला 'हो' म्हणायचं का?

आता तुमच्यातले काही जण म्हणतील, 'दादा, आमचा प्रॉब्लेम उलटा आहे. आम्ही देऊन देऊन थकलोय.' मान्य. चर्चमध्ये हेही होतं. ज्याला कॉम्प्युटर येतो त्याला 'बाळा, सेवा आहे' म्हणत पत्रिका, बॅनर, वेबसाइट, कुणाच्या तरी मुलीचा बायोडेटा, सगळं चिकटवलं जातं. गाणाऱ्या मुलीला दर आठवड्याला बोलावतात आणि तिची परीक्षा कधी आहे हे कुणी विचारत नाही. औदार्य म्हणजे फुकटात राबवून घेणं नाही. मागणाऱ्यांनीही हे ऐकावं.

मोशे सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकटाच लोकांचे न्यायनिवाडे करत बसायचा. त्याचे सासरे इथ्रो आले, त्यांनी बघितलं आणि स्पष्ट सांगितलं की हे तू करतोस ते बरं नाही, तूही थकशील आणि लोकही थकतील. हजारांवर, शंभरांवर, पन्नासांवर, दहांवर माणसं नेम, असा सल्ला दिला. निर्गमाचा अठरावा अध्याय. म्हणजे थकव्यावर आणि मालकीवर औषध एकच आहे: वाटून घ्या.

मी आता स्वतःला तीन प्रश्न विचारतो. तुम्हीही विचारून बघा.

एक, माझ्याकडे जे आहे त्याचा उपयोग आत्ता नेमका कुणाला होतोय? त्या माणसाचं नाव सांगता आलं पाहिजे. 'समाजाला' हे उत्तर चालणार नाही.

दोन, उद्या मी नसलो तर हे काम कोण करेल? नाव सुचत नसेल तर या महिन्यात एकाला बाजूला बसवा.

तीन, कुणी माझ्यापेक्षा चांगलं केलं तर मला आनंद होईल का? खरं उत्तर द्या. 'नाही' आलं तर घाबरू नका, त्यावर प्रार्थना करा. माझंही उत्तर 'नाही' होतं.

सध्या काय चाललंय?

दिल्लीहून परतल्यावर पहिल्या रविवारी मी त्या मुलाला शोधलं. म्हटलं, 'चुकलो रे. बस.' त्याने फक्त विचारलं, 'दादा, आज हेडफोन मी घालू?' आता ते तिघं जण आहेत, त्यात एक आठवीतली मुलगी आहे. पासवर्ड चर्चच्या ऑफिसमध्ये बंद पाकिटात आहे आणि ओटीपी चर्चच्या फोनवर येतो. वायरींना रंगीत टेप लावलीय आणि कोणती कुठे जाते ते मराठीत लिहून भिंतीवर चिकटवलंय.

सगळं छान चाललंय असं नाही. मागच्या महिन्यात पाळकसाहेबांचं डोकं अर्धा तास स्क्रीनच्या बाहेर होतं. मी मागच्या बाकावर बसून हात खिशात घालून ठेवले होते. उठून नीट करावं असं फार वाटत होतं, पण त्यांच्या त्यांनाच ते कळलं आणि त्यांनी कॅमेरा सरकवला.

त्या मस्कतच्या मुलाला मी ती दुपार परत देऊ शकत नाही. ते माझ्याबरोबर राहील. तो आता दर रविवारी त्याच चॅनेलवर उपासना बघतो. परवा त्याचा मेसेज आला, 'आवाज आता स्पष्ट येतो. कोण बघतं रे हल्ली?'

मी तिघांची नावं पाठवली.

तर मंडळी, या आठवड्याचं काम: तुमच्या कमरेला कोणती किल्ली आहे ते शोधा आणि ती कुणाच्या हातात द्यायची ते ठरवा. काय ठरलं ते व्हॉइस नोट करून पाठवा, पुढच्या एपिसोडमध्ये ऐकवतो.

भेटूच. जय ख्रिस्त!